‘सी स्लग’ला समुद्री गोगलगाय म्हणावं का?

भाषांतरी : रत्नागिरीजवळच्या खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यावर, लावायच्या माहितीफलकाचा मजकूर मराठीत करायचा आहे. ‘सी स्लग’ला, म्हणजे गोगलगायीसारख्या मऊ अंगाच्या, बाहेर शंख न दिसणाऱ्या समुद्री प्राण्याला, मी ‘समुद्री गोगलगाय’ लिहिलं होतं. तपासणीत खोडलं गेलं. कारण दिलं, गोगलगायीला शंख असतो, याला नसतो; ‘नग्नकल्ली’ लिहा. वाचणार शाळेतली मुलं आणि पर्यटक. काय ठेवावं?

शब्दपारखी : हरकतच चुकीची आहे. मराठीत शंखाची ती गोगलगाय आणि बिनशंखाची तीही गोगलगायच. सोयाबीनवरच्या किडीला कृषी विभाग मुद्दाम ‘शंखी गोगलगाय’ म्हणतो. शंख गृहीतच असता तर ‘शंखी’ कशाला जोडावं लागलं असतं? शिवाय ‘गोगलगाय, पोटात पाय’. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने १७९५ साली या प्राण्यांच्या वर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’ हे नाव दिलं, त्यातही पोट आणि पायच आहेत. पाठ्यपुस्तकातला ‘उदरपाद’ त्यापुढे फिका. ‘गाय’ तर शिंगांवरूनच आली असणार.

शुद्धमत : ती म्हण आतल्या गाठीच्या माणसाची आहे, तिच्यावरून प्राण्याचं नाव ठरत नाही. ‘नग्नकल्ली’ ऐकायला जड वाटेल, पण ‘न्यूडिब्रँक’ या सी स्लगच्या गटाच्या नावाचा अर्थ अचूक सांगतो : उघडे कल्ले.

खडपवाट : न्यूडिब्रँकपुरता अचूक. पण सगळे सी स्लग न्यूडिब्रँक नसतात. समुद्रससा घ्या. त्याच्या पाठीत, प्रावाराखाली (अंगावरच्या मऊ आवरणाखाली), पातळ चपटं कवच असतं आणि कल्लाही तिथेच झाकलेला. शेवाळ खातो, डिवचला की जांभळा रंग सोडतो. त्याला नग्नकल्ली म्हटलं तर धडधडीत चूक, आणि कवच आहे म्हणून ‘बिनशंखी’ही जमत नाही. हिरव्या शेवाळाचा रस शोषणारे स्लग आणखी वेगळे. त्यांतले काही शेवाळातली हरितलवकं, म्हणजे उन्हात अन्न बनवणारे हिरवे कण, न पचवता अंगात शाबूत ठेवतात. शंख अनेक शाखांमध्ये वेगवेगळ्या वेळी नाहीसा झालेला आहे. ‘सी स्लग’ हे कुळाचं नाव नव्हे, अंगाच्या ठेवणीचं आहे.

खाजण : आणि ओहोटीला खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, चिखलावर, कपारीत सरपटतो तो मळकट, चामखिळींच्या पाठीचा? ओंकिडियम. शंख नाही, राहतो भरतीरेषेच्या आत, पण श्वास हवेतला घेतो. नातं जमिनीवरच्या बिनशंखी गोगलगायींशी जवळचं. त्याला ‘समुद्री गोगलगाय’ म्हटलं तर खरं म्हणजे सगळ्यांत शोभेल!

शुद्धमत : म्हणूनच कल्ल्यांवरून नाव हवं. नाव वाचून मूल कल्ले शोधेल. न्यूडिब्रँकचे डोरिड आणि एओलिड हे दोन प्रकार घ्या. डोरिड असेल तर पाठीवर मागे, गुदद्वाराभोवती पिसारा दिसेल. एओलिड असेल तर पाठभर बोटांसारख्या वाढी; त्यांच्या टोकांत, खाल्लेल्या हायड्रॉइडचे (जेलीफिशच्या नात्यातल्या छोट्या प्राण्याचे) न फुटलेले दंशकोश साठवलेले असतात.

खडपवाट : पिसारा पाण्यात दिसतो. पाण्याबाहेर काढलं की सगळं अंगाला चिकटून नुसता लिबलिबीत गोळा होतो. डोरिड तर हात लागताच पिसारा खिशात ओढून घेतो. मग ‘कल्ले नाहीत’ म्हणून लोक त्याला चपटकृमी ठरवतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी धरा, डबक्यातच बघा, सावली पडू देऊ नका, थांबा. डोक्यावर दोन गंधशृंगं उभी राहिली की स्लग. चपटकृमीची नुसती पुढची कड दुमडलेली असते आणि अंग कागदासारखं पातळ.

शब्दपारखी : ‘गंधशृंग’ कशाला? शिंग म्हणा. गोगलगायीला शिंगं, गायीलाही शिंगं.

खाजण : जमिनीवरच्या गोगलगायीच्या लांब शिंगांच्या टोकाला डोळे असतात. न्यूडिब्रँकची ही जोडी वास घेते, डोळे त्वचेत बुडालेले. एकच शब्द वापरला तर मुलं शिंगाच्या टोकाला डोळे शोधत बसतील.

भाषांतरी : फलकावर अंड्यांचंही चित्र आहे. त्याला काय लिहू?

खडपवाट : डोरिडची असेल तर फीत, कडेवर उभी, चक्राकार चिकटवलेली. समुद्रसशाची असेल तर शेवयांचा गुंता.

शब्दपारखी : डोरिडच्या फितीला ‘गजरा’ लिहा, हुबेहूब तसाच दिसतो.

खाजण : गजरा नको, लोक उचलून नेतील. बहुतेक जातींत त्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लाला शंख असतो, तो रूपांतराच्या वेळी गळतो. तेवढं चित्राखाली नक्की लिहा.