डाय बदलण्याचा वेळ कमी करायचाय, संचालकांना कसं पटवावं?

वाळूज_प्रेस:
एमआयडीसीतलं प्रेस शॉप आहे. डाय (पत्र्याला दाबून आकार देणारा साचा) बदलायला 90 मिनिटं जातात, दिवसाला 3 बदल. वेळ 40 वर आणायची योजना तयार आहे. संचालकांपुढं 15 मिनिटं मिळणार, पण 'व्हॅल्यू स्ट्रीम', 'ओईई' असले कारखान्यातले शब्द काढले की साहेब लोक मोबाईल काढतात. काय सांगावं?

जुना_सेटर:
ते शब्द शॉपमध्येच राहू द्या. एका डाय बदलाचं शूटिंग करा आणि कामं दोन ढिगांत टाका: प्रेस बंद केल्याशिवाय होतच नाहीत ती, आणि प्रेस चालू असतानाच उरकता आली असती ती. रॅकमधून डाय काढणं, फोर्कलिफ्टची वाट, क्लॅम्पचे बोल्ट हुडकणं, सगळं दुसऱ्या ढिगात. जपानी इंजिनिअर शिगिओ शिंगोंची 'एसएमईडी', म्हणजे डाय झटपट बदलायची पद्धत, मुळात हीच. सेटर (डाय बसवणारा) पाना शोधत फिरतोय अन् प्रेस उभी, एवढी दोन मिनिटं दाखवली तरी बास. डायची शट हाइट (बंद असतानाची उंची) वेगवेगळी असल्यानं स्लाइड, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, दरवेळी जुळवावी लागते. खाली प्लेटा लावून उंची एकसारखी केली की तेही काम गेलं. पहिला नग तपासायला क्वालिटीवाला जागेवर नसतो, हे विसरू नका. त्याला वेळेवर बोलावून ठेवायला तर खर्चही नाही.

खातेवही:
'वाचलेले तास गुणिले मशीनचा दर' हा हिशेब मात्र चुकूनही मांडू नका. पहिला प्रश्न येईल, पगार कमी झाला का? नाही ना. आणि पुढं वेल्डिंगच तुंबलेलं असेल, तर जास्तीचे नग बिनमध्ये पडून राहणार; पैसा आणखी अडकला. अडकलेला मालच दाखवा. समजा लाइनवर 12,000 नग आहेत, रोज 2,000 रवाना होतात. म्हणजे आज आत आलेला नग 6 दिवसांनी बाहेर. नगाला 40 रुपये धरले तर 4 लाख 80 हजार जमिनीवर पडून. साठा निम्मा केला तर 2 लाख 40 हजार मोकळे होतात. एकदाच हं, दरसाल नाही. हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.

वाळूज_प्रेस:
साठा निम्मा करायचा म्हणजे एका वेळी कमी नग काढायचे, म्हणजे डायचे बदल वाढणार. मग वेळ तिथंच गेला की!

खातेवही:
जाऊ द्या की. आज 3 बदलांना 270 मिनिटं जातात, उद्या 6 बदलांना 240. लॉट (एका वेळी काढायचे नग) निम्मा झाला, वर अर्धा तास उरला.

जुना_सेटर:
मागणी छोटी ठेवा: एकच प्रेस, सहा आठवडे. आणि घड्याळ कुठून कुठं ते आधीच लिहून घ्या: जुन्या डायच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या डायच्या पहिल्या पास नगापर्यंत. नाहीतर बोल्ट आवळला की 'झालं' म्हणून नोंद होते, अन् पुढची 25 मिनिटं कुणाच्याच वहीत नसतात.