डोंगरी पशुपालकांची दूध संस्था : ‘मूल्ये’ उपविधीत (संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत) नेमकी कशी लिहायची?

घाटमाथा७ :
अकोले-इगतपुरी पट्ट्यातल्या चार वाड्या मिळून दूध संस्था नोंदवायचं चाललंय. साठेक घरं, बहुतेकांकडे दोन-तीन डांगी (इकडच्या स्थानिक जातीच्या) गाई, काहींकडे एखादी संकरित. एका घराचं दूध वेळेला दोन लिटरच्या आसपास. मसुद्याच्या पहिल्याच पानावर ‘संस्थेची मार्गदर्शक मूल्ये’ म्हणून समानता, पारदर्शकता, परस्पर साहाय्य असे शब्द आहेत. उद्या भांडण झालं तर यातल्या कशावर बोट ठेवून निकाल द्यायचा? सध्या दोन गोष्टींवर अडलंय : वरच्या वाडीचा वाहतूक खर्च कुणी सोसायचा, आणि पावसाळ्यात रस्ता बंद होऊन दूध नासलं तर ते कुणाच्या खात्यावर?

उपविधीवाला :
शब्द आयते मिळतात. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली मँचेस्टरला मूल्यं आणि सात तत्त्वं ठरवली. मूळ १८४४ च्या इंग्लंडातल्या रॉचडेलच्या सहकारी दुकानापर्यंत जातं. त्यातलं बरंचसं आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात आहेच, ते पुन्हा उतरवून कागद वाढवू नका. सभासदाचे भाग (शेअर) कितीही असोत, मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत. लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही.

कायदा जिथे गप्प आहे तिथे लिहा. त्या मूल्यांच्या यादीत ‘समानता’ आणि ‘न्याय्यता’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुमचं वाहतुकीचं भांडण नेमकं या दोघांमधलं आहे. समजा खालच्या वाड्यांचं दूध २०० लिटर, वरच्या वाडीचं ४०, आणि वरच्या फेरीला जादा २४० रुपये पडतात. ते वरच्यांकडूनच कापले तर लिटरमागे ६ रुपये, सगळ्यांत वाटले तर १ रुपया. सहा कापलेत तर वरची वाडी दूध घालायचं सोडून तूप कढवत बसेल. म्हणून मोघम ‘परस्पर साहाय्य’ काढा आणि लिहा : ‘सर्व संकलन ठिकाणांचा वाहतूक खर्च एकत्र करून एकूण लिटरवर समान विभागला जाईल.’

आणखी एक. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून ती ऐन पावसात ठेवली जाते. वरची वाडी येत नाही, गणपूर्ती होत नाही, तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने तिथेच भरते आणि सगळे ठराव मंजूर. लोकशाही कागदावर पूर्ण! हिशेब तपासणी वेळेत उरकून सभेची जागा दरवर्षी आळीपाळीने वाडी-वाडीत फिरवा, आणि तेही उपविधीत घाला.

दूधकाटा :
समानता सगळ्यात आधी मोडते ती काट्यावर. माप ५० मिलिच्या टप्प्याने खाली ओढायची पद्धत असेल तर २ लिटर ४० मिलि दुधाचे वहीत २ लिटर लागतात. छोट्याचं जवळपास दोन टक्के दूध गेलं. त्याच काट्यावर ४० लिटर ४० मिलि घालणाऱ्याचेही ४० मिलिच जातात, पण त्याला तो एक दशांश टक्का. तुमच्याकडे सगळेच छोटे, त्यामुळे टप्पा १० मिलिचा ठेवा आणि आकडा सभासदाला दिसेल असा डिस्प्ले बाहेरच्या बाजूला लावा.

दुसरी गळती : सभासदाकडून घेताना लिटर आणि वर दूध संघाला देताना किलो. १०० लिटर दूध साधारण १०३ किलो भरतं. ही वाढ आणि सॅम्पलच्या दुधाची विक्री, दोन्ही ताळेबंदात वेगळ्या ओळीत दाखवायची. संशयाची सुरुवात इथूनच होते.

फॅट काढताना सॅम्पल न ढवळता घेतलं की साय वरच राहते आणि आकडा कुठच्या कुठे जातो. मशीनवर विश्वास नसेल त्याला गर्बर पद्धतीने फेरतपासणी मागता आली पाहिजे : १० मिलि सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं, मग ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. फॅटच्या थराखाली काळा कचरा दिसला तर आम्ल जास्त तीव्र आहे. पांढरट गुठळ्या दिसल्या तर कमजोर. दोन्ही वेळा तो आकडा धरायचा नाही.

कारवी :
उपविधीवाल्यांशी वाहतुकीवर अर्धंच पटतं. खाली खाजगी संकलन केंद्र असेल तर तो एक रुपयाही खालच्यांना टोचतो, आणि त्यांचं दूध तिकडे वळलं की वरच्यांचा भार पुन्हा वाढतो. एकत्र करा, पण मर्यादा घाला : अमुक रुपयांपर्यंत सगळ्यांत वाटणी, त्यावरचा खर्च वर्षाअखेर सभासदांना वाटायच्या दर फरकाच्या रकमेतून.

नासलेल्या दुधाचा नियम वेळेवर बांधा. ठरल्या वेळेआधी दूध ठिकाणावर पोचलं, मोजून पावती झाली, तर पुढची जबाबदारी संस्थेची. गाडी येवो न येवो. वेळेनंतर आलेलं दूध सभासदाचं. या भरपाईसाठी लिटरमागे काही पैसे वेगळ्या निधीत कापा, राखीव निधीला हात लावू नका. आणि वरच्या वाडीत एक मोठी कढई व सरपण तयार ठेवा. पाच लिटर गाईच्या दुधाचा किलोपेक्षा थोडा कमी खवा पडतो. दरड कोसळलेल्या दिवशी तेवढं तरी वाचतं.

घाटमाथा७ :
आभार. डांगीचं काय? ‘स्थानिक जातीचे जतन’ असंही एक वाक्य मसुद्यात आहे.

कारवी :
ते वाक्य दरपत्रकात नेऊन ठेवा. नुसता लिटरला सरसकट दर दिलात की प्रत्येकजण जास्त लिटर देणारी संकरित गाय शोधणार, आणि तुमच्याकडच्या पावसात तिचे खूर सडणार. डांगीच्या तेलकट कातडीवरून पाणी निथळतं आणि खूर कठीण असतात, म्हणून ती तिथे टिकते. दर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दोन्हीवर काढा. गाईच्या दुधाचा पाया ३.५ आणि ८.५ टक्के धरतात. त्यावरच्या प्रत्येक पॉइंटला (०.१ टक्क्याला) वाढ ठेवा.

वळू संस्थेचा असावा, चाऱ्याचा खर्च संस्थेच्या खात्यातून. दर तीन वर्षांनी तो दुसऱ्या वाडीच्या वळूशी बदला. डांगी कालवड उशिरा माजावर येते, पण तीन वर्षांच्या पुढे त्याच्याच लेकी त्याच्यापुढे उभ्या राहतात. बदलाची तारीख वहीत टाका, नाहीतर ज्याच्या गोठ्यात वळू बांधलेला असतो तो सोडत नाही.