पार्किन्सनच्या गोळीमुळे ट्रेडिंगचं वेड लागू शकतं का?

नाशिककर: बाबा ६७ वर्षांचे. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा या गोळीसोबत प्रामिपेक्सोल ही गोळीही सुरू झाली, थरथर बरीच कमी झाली, पण आयुष्यभर एफडीच्या पलीकडे न गेलेला माणूस आता सव्वानऊच्या ठोक्याला मोबाईल घेऊन शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंगला बसतो, दोन एफडी मोडल्या, आईला पत्ताच नाही, आणि काही बोललं की अंगावर येतात. वयामुळे असेल का?

सावली: वय नाही हो, गोळी बघा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिन अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करणारी औषधं. ती मेंदूतल्या 'मजा वाटते, परत कर' म्हणणाऱ्या भागालाही चेतवतात. जुगार, खरेदी, सतत खाणं, सेक्सचा अतिरेक, यातलं काहीही होतं. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात ३,०९० पेशंट होते, अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत १७ टक्क्यांना त्रास, न घेणाऱ्यांत ७ च्या आसपास.

गप्पू: म्हणजे गोळी बंद केली की झालं?

सावली: अजिबात नको! अचानक बंद केली तर घबराट, नैराश्य, घाम, पुन्हा गोळीचीच तलफ. न्यूरोलॉजिस्ट हळूहळू डोस उतरवतात, लेव्होडोपा अ‍ॅडजस्ट करतात.

कोल्हापुरी: आमच्या सासूबाईंचं साड्यांचं होतं, पिको-फॉल न केलेल्या साड्यांनी कपाट भरलेलं. डॉक्टरांना त्या स्वतः कधीच सांगायच्या नाहीत, लाज वाटायची, शेवटी मिस्टरांनी सांगितलं. डोस कमी केल्यावर काही महिन्यांत थांबलं.

नाशिककर: सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. तोवर नेटबँकिंगची लिमिट कमी करतोय, बाबा चिडणार हे नक्की.