सर्व्हरला दोन लाइनी आहेत म्हणून ‘आरपी फिल्टर शून्य करा’ हा सल्ला देणे थांबवावे

शिरोलीचा प्रशासक

‘सर्व्हरला दोन लाइनी असतील आणि दुसऱ्या पत्त्यावर बाहेरून कनेक्शन लागत नसेल, तर आरपी फिल्टर शून्य करा आणि मोकळे व्हा, रूल-टेबलांच्या भानगडीत पडू नका,’ असे उद्यमनगर १९ या सदस्यांनी काल या फोरमवर लिहिले. (आरपी फिल्टर म्हणजे लिनक्सची तपासणी: पॅकेट ज्या कार्डातून आले, त्याच कार्डातून पाठवणाऱ्याकडे वाट जात नसेल, तर ते टाकून देणारी; शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे कडक. रूल-टेबले म्हणजे वाटांच्या वेगळ्या याद्या आणि कोणत्या पॅकेटने कोणती यादी पाहावी याचे नियम.) त्याखाली पाच-सहा जणांनी आभार मानलेले पाहून मला राहवले नाही, कारण याच सल्ल्यापायी माझे दोन दिवस वाया गेले आहेत.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर मी सांभाळतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा आम्हांला कारखान्यापर्यंत जाता येत नव्हते आणि नेमके त्याच आठवड्यात फायबरही बंद पडले. त्यानंतर मालकांनी दुसऱ्या कंपनीची वायरलेस लाइन घेतली. पहिल्या नेटवर्क कार्डावर २०३.०.११३.१० आणि दुसऱ्यावर १९८.५१.१००.१० असे पत्ते होते, असे समजा. डिफॉल्ट रूट, म्हणजे वेगळे काही सांगितले नसेल तर बाहेर जाण्याची वाट, पहिल्या लाइनीचा होता.

घरून दुसऱ्या पत्त्यावर एसएसएच (दुरून लॉगिन) केले की टीसीपीडम्प या पॅकेटे दाखवणाऱ्या साधनात दुसऱ्या कार्डावर सिन, म्हणजे कनेक्शन मागणारे पहिले पॅकेट, येताना स्पष्ट दिसे. मग एका सेकंदाने पुन्हा, त्यानंतर दोन सेकंदांनी, मग चार सेकंदांनी. उत्तर मात्र कोणत्याच कार्डावर दिसत नव्हते. पॅकेट ज्या पत्त्याकडून आले, त्या पत्त्याकडे जाण्याची कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) वाट पहिल्या कार्डातून असल्यामुळे फिल्टर ते टाकून देत होता. मी फिल्टर शून्य केला. आता सिन-अ‍ॅक (सिनला होकार देणारे उत्तर) निघू लागले, पण ते पहिल्या कार्डातून, आणि पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्या लाइनीचा पत्ता घेऊन. पहिल्या लाइनीच्या कंपनीने ते वाटेतच टाकले, आणि तिचे काही चुकले नाही. ग्राहकाला न दिलेला पत्ता लावून आलेले पॅकेट पुढे सोडू नये, हे आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या कार्यपद्धतीच्या दस्तऐवजात २००० सालापासून लिहिलेले आहे. घरच्या लॅपटॉपवर दोन्ही वेळेला एकच संदेश येत होता, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, म्हणून मला वाटत राहिले की फिल्टर अजून बंदच झालेला नाही.

उत्तर कोणत्या कार्डातून पाठवायचे हे ठरवताना लिनक्स एरवी ते कुठे जायचे आहे एवढेच पाहतो. विनंती कोणत्या कार्डातून आली होती, हे तो लक्षात ठेवत नाही. ते त्याला सांगावे लागते, आणि सांगण्याची सोय १९९९ साली आलेल्या २.२ कर्नलपासून आहे. मी १०२ क्रमांकाचे वेगळे टेबल केले, त्यात दुसऱ्या लाइनीचे सबनेट (तिच्यावरच्या शेजारी पत्त्यांचा गट) आणि तिचा गेटवे (बाहेर जाण्याचे दार) घातला, आणि ‘आयपी रूल अ‍ॅड फ्रॉम १९८.५१.१००.१० टेबल १०२’ हा एकच नियम दिला, म्हणजे त्या पत्त्यावरून निघणारे पॅकेट १०२ मधली वाट घेते. कनेक्शन लागले. त्यानंतर मी फिल्टर पुन्हा एकवर नेला, तरीही ते लागत राहिले, कारण फिल्टर जी उलटी तपासणी करतो, तीही हाच नियम पाळते. म्हणजे वाट नीट दिली तर फिल्टर काढावाच लागत नाही.

उद्यमनगर १९

माझे नाव घेऊन लिहिले आहे, म्हणून उत्तर देतो. माझा सल्ला अनुभवातला आहे. आमच्या वर्कशॉपच्या सर्व्हरला दोन कार्डे आहेत: एक हिशेब विभागाच्या नेटवर्कवर आणि दुसरे सीएनसी मशीन आणि कॅमेऱ्यांच्या नेटवर्कवर. हिशेब विभागातून मशीनच्या बाजूचा पत्ता उघडत नव्हता. फिल्टर शून्य केला आणि त्याच मिनिटाला तो उघडला. चार वर्षे झाली, एकदाही तक्रार नाही.

तुमच्या रूल-टेबलांवर माझा आक्षेप असा आहे की ती कुणाला दिसत नाहीत. रूट -एन ही वाटा दाखवणारी आज्ञा टाकल्यावर जे दिसते, तेच मी खरे मानतो. उद्या मी नोकरी सोडली आणि माझ्या जागी आयटीआयचा नवीन मुलगा आला, तर तो रूट -एन पाहील, कार्डांचे पत्ते दाखवणारे इफकॉन्फिग पाहील आणि त्याला सगळे समजेल. तुमचे १०२ नंबरचे टेबल त्याला कोण दाखवणार? लहान कारखान्यात माणसे बदलत असतात, हे फाउंड्रीत बसून तुम्हांला ठाऊक नसेल असे नाही.

राजारामपुरी सहावी गल्ली

दोघांनाही मला एकच विचारायचे आहे. सर्व्हरने राउटिंग करावेच का? दोन्ही लाइनी पुढच्या राउटरवर घ्या, सर्व्हरला आतला एकच पत्ता द्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

पण उद्यमनगर १९, ‘रूट -एन ला दिसते तेच खरे’ हे वाक्य मी सोडून देऊ शकत नाही. रूट ही आज्ञा फक्त मुख्य टेबल दाखवते. इफकॉन्फिगची गोष्ट तर त्याहून वाईट आहे. आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅडने (नव्या आज्ञेने) लेबल म्हणजे नाव न देता दुसरा पत्ता लावला, तर लिनक्सवरील इफकॉन्फिग तो दाखवतच नाही. माझ्या आधीच्या माणसाने असा एक पत्ता लावून ठेवला होता. मी इफकॉन्फिग पाहिले, तो पत्ता मोकळा आहे असे समजून नव्या प्रिंट सर्व्हरला दिला, आणि रात्री तीनपर्यंत दोन यंत्रे एकाच पत्त्यासाठी भांडत राहिली. दर थोड्या वेळाने बिलिंग लटकायचे आणि आपोआप सुरू व्हायचे. शेवटी आयपी अ‍ॅड्रेस शो टाकले तेव्हा तो पत्ता तिथेच दिसला. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीपासून, ही जुनी साधने मूळ इन्स्टॉलेशनमधून वगळली. तरीही लोक आधी ती आणून बसवतात आणि मगच कामाला लागतात.

जुना युनिक्सवाला

‘जुनी साधने’ असे सरसकट लिहू नये. हा धागा युनिक्ससारख्या सर्व्हरविषयी आहे आणि लिनक्स म्हणजे सगळे युनिक्स नव्हे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससारख्या प्रणालीवर आजही इफकॉन्फिग हेच मुख्य साधन आहे आणि ते सगळे पत्ते दाखवते. एखाद्या पत्त्याकडे जाणारी वाट कोणती, हे तिथे ‘रूट -एन गेट’ नीट सांगते. लिनक्सवर ते साधन कुणी सांभाळले नाही, यात साधनाचा काय दोष? मी सोलारिसवर, फ्रीबीएसडीवर आणि मग नाइलाजाने लिनक्सवर काम केले आहे. ज्यांनी एकच प्रणाली पाहिली, त्यांनी इतरांच्या हातातल्या साधनांना नावे ठेवू नयेत.

मूळ विषयावरही सांगतो. एका कार्डाचा पत्ता दुसऱ्या कार्डावर आलेल्या पॅकेटसाठी मान्य करावा की नाही, हा वाद १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्येच मांडलेला आहे आणि तिथे दोन्ही पद्धतींना जागा ठेवली आहे. लिनक्सने सैल पद्धत घेतली. फ्रीबीएसडीवर पीएफ या फायरवॉलमध्ये ‘रिप्लाय-टू’ लिहिले की ज्या लाइनीने कनेक्शन आले, त्याच लाइनीने उत्तर जाते; एखादा पूर्ण प्रोग्रामच वेगळे राउटिंग टेबल वापरणार असेल, तर सेटफिब ही आज्ञा आहे. नियम एका फाइलमध्ये, वाचता येईल असा.

राजारामपुरी सहावी गल्ली

साहेब, मी कोणत्याही माणसाला नावे ठेवली नाहीत. लिनक्सवरील एका आज्ञेविषयी लिहिले, आणि ‘लिनक्सवरील’ हा शब्द माझ्या वाक्यात आहे. आपल्या अनुभवाचा मला आदर आहे, परंतु कोल्हापुरातल्या दहा कारखान्यांत गेलो तर दहाही ठिकाणी मला लिनक्स भेटतो, आणि त्या रात्री माझ्यासमोर फ्रीबीएसडी नव्हते. ज्या आज्ञेने अर्धेच चित्र दिसते, ती नवख्याला शिकवणे धोक्याचे आहे, या मतावर मी ठाम आहे.

उद्यमनगर १९

म्हणजे वीस वर्षे ज्यांनी रूट -एन वर कामे उरकली, ते सगळे आंधळे होते? ही भाषा बरी नाही. माझ्या वडिलांच्या वयाची माणसे हा धागा वाचत आहेत.

काटा आणि केबल

भांडण आज्ञांवर गेले आहे, म्हणून मी अडकले होते ती गोष्ट सांगते. कदाचित मूळ विषयावर परत येता येईल.

मी एका साखर कारखान्यात काम करते. गळीत हंगामात शेती गट कार्यालयांतून ऊसतोडीच्या नोंदी व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने) मुख्य सर्व्हरला येतात. व्हीपीएन अडकले की काट्याजवळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि शेतकरी थेट खिडकीवर येऊन विचारतात. आमच्याकडे शिरोलीकरांनी सांगितलेला नियम अगदी तसाच घातलेला होता. एसएसएच दोन्ही पत्त्यांवर लागत होते, वेब पोर्टल उघडत होते, पण व्हीपीएन मात्र दुसऱ्या पत्त्यावर लागत नव्हते.

कारण ते यूडीपीवर, म्हणजे कनेक्शन न बांधता सुटी पॅकेटे पाठवणाऱ्या पद्धतीवर होते. टीसीपीमध्ये, म्हणजे एसएसएच आणि वेब पोर्टलच्या पद्धतीत, कनेक्शनला स्वतःचा पत्ता बांधलेला असतो, म्हणून उत्तर निघताना ‘फ्रॉम’चा नियम लागू होतो. आमची यूडीपी सेवा सर्व पत्त्यांवर एकत्र ऐकत होती; तिने उत्तर पाठवताना पत्ता सांगितलाच नाही, तेव्हा कर्नलने मुख्य टेबल पाहिले, डिफॉल्ट रूट पहिल्या लाइनीचा निघाला आणि त्या लाइनीचाच पत्ता उत्तराला लावला. गट कार्यालयाने विचारले एका पत्त्याला आणि उत्तर आले दुसऱ्याच पत्त्याकडून. समोरच्या बाजूने ते टाकून दिले. ओपनव्हीपीएनमध्ये ‘मल्टीहोम’ हा पर्याय याचसाठी आहे. तो लिहून सेवा पुन्हा सुरू केली आणि गट कार्यालये एकामागून एक जोडली गेली. तेव्हा शिरोलीकर, एकच नियम पुरतो हे तुमचे म्हणणे टीसीपीपुरतेच खरे आहे.

शिरोलीचा प्रशासक

ताई, हे मान्य. माझ्या सर्व्हरवर यूडीपीची सेवा नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात आले नाही. मी सरसकट लिहायला नको होते.

राजारामपुरीकरांच्या राउटरविषयी: राउटर आणला की प्रश्न नाहीसा होत नाही, तो त्या डब्यात जाऊन बसतो. दोन्ही लाइनींवरून आतल्या एकाच सर्व्हरकडे पत्ता बदलून पॅकेटे पाठवली, तर परत येणाऱ्या प्रत्येक उत्तरावर सर्व्हरचा आतला पत्ता असतो आणि राउटर वाट ठरवतो तेव्हा ‘फ्रॉम’चा नियम काहीच ओळखू शकत नाही. तिथे येताना कनेक्शनवर खूण करावी लागते आणि जाताना ती खूण पाहून टेबल निवडावे लागते. त्या राउटरमध्ये लिनक्सच असेल आणि फिल्टर कडक असेल, तर फिल्टरनेही ती खूण पाहावी म्हणून ‘एसआरसी व्हॅलिड मार्क’ ही सेटिंग चालू करावी लागते. चांगला राउटर हे स्वतः करतो, हे खरे. पण तो करत नसेल तर आत बसून टीसीपीडम्पही लावता येत नाही.

आता उद्यमनगर १९ यांना. तुमच्या वर्कशॉपमध्ये फिल्टर काढून चालले, कारण तुमची दोन्ही नेटवर्क आतलीच आहेत आणि मधल्या वाटेवर परका पत्ता पाहून पॅकेट टाकणारे कुणी नाही. तेवढ्यापुरते तुमचे बरोबर आहे. पण तुम्ही ‘दोन लाइनी’ असे लिहिले, आणि दोन इंटरनेट लाइनींवर ते लागू पडत नाही. शिवाय तुम्ही नेमका कोणता फिल्टर शून्य केला? ‘ऑल’चे, म्हणजे सगळ्या कार्डांसाठीचे, आणि त्या कार्डाचे मूल्य यांपैकी जे मोठे असेल ते लागू होते. ‘ऑल’ एकवर असताना कार्डावर शून्य लिहिले, तर काहीही बदलत नाही. इथे आभार मानणाऱ्यांपैकी काहींनी तेवढेच केले असण्याची मला भीती आहे.

तुमच्या नवीन मुलासाठी एक विनंती आहे. त्याला ‘आयपी रूल शो’ ही एक आज्ञा शिकवा. सामान्य सर्व्हरवर तीन ओळी दिसतात: ०, ३२७६६ आणि ३२७६७. चौथी दिसली की कुणीतरी वेगळी वाट दिली आहे, एवढे त्याला कळेल. नंतर ‘आयपी रूट गेट ८.८.८.८ फ्रॉम’ आणि पुढे आपला पत्ता लिहायचा (८.८.८.८ हा बाहेरचा एक पत्ता). उत्तर कोणत्या कार्डातून जाईल, ते कर्नल स्वतःच सांगतो.

जुना युनिक्सवाला

‘आयपी रूट गेट’ उपयोगी आहे, हे मला नाकारता येत नाही. आमच्या ‘रूट गेट’चेच ते काम आहे, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

उद्यमनगर १९

दुपारच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये बसून सगळे तपासले. ‘ऑल’ शून्य होते आणि दोन्ही कार्डेही शून्य होती, म्हणजे माझे काम तरी पूर्ण होते. परंतु गेल्या महिन्यात आम्हीही त्याच सर्व्हरला दुसरी इंटरनेट लाइन जोडली आहे, आणि ती बाहेरून उघडत नाही म्हणून मी कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावून त्याच्यावर आवाज चढवला होता. ‘आयपी रूट गेट’ने स्पष्ट दाखवले की त्या पत्त्याचे उत्तर जुन्या लाइनीतून जात आहे. ‘दोन लाइनी’ हा शब्द मी वापरायला नको होता, हे मान्य करतो. आतल्या नेटवर्कवर फिल्टर काढण्यात गैर काही नाही, या मतावर मी अजून आहे.

तुमच्याप्रमाणे टेबल केले. आता दुसरी लाइन बाहेरून उघडते. मात्र त्याच लाइनीच्या सबनेटमध्ये असलेल्या आमच्या व्हिडिओ रेकॉर्डरशी सर्व्हर त्या पत्त्यावरून बोलेनासा झाला आहे.

शिरोलीचा प्रशासक

१०२ मध्ये फक्त गेटवे घातला असेल. त्या सबनेटची ओळ नसली, तर शेजारच्या रेकॉर्डरकडे जाणारे पॅकेटही सर्व्हर गेटवेकडेच पाठवतो. मुख्य टेबलात ती सबनेटची जी ओळ आहे, तीच १०२ मध्येही घाला. आणि दोन्ही ओळी व तो नियम नेटवर्कच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. आज्ञेने दिलेले सगळे रीबूटला पुसले जाते.

उद्यमनगर १९

ओळ घातली. रेकॉर्डर दिसू लागला. रीबूट रविवारी, वर्कशॉप बंद असताना करीन, आणि फाइलच्या वर त्या नवीन मुलासाठी मराठीत चार ओळी लिहून ठेवतो.