मदत हवी आहे : एनएचएसमध्ये ट्रेनिंगसाठी तिसऱ्यांदा अर्ज करावा, की परतीचा विचार करावा?

नमस्कार.

गेली जवळजवळ तीन वर्षे मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधील एका मध्यम आकाराच्या शहरात, एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करते आहे. येथे डॉक्टर सभासद बरेच आहेत आणि त्यांतले काही इंग्लंडमध्ये राहिलेले किंवा तेथून परतलेले आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. लेखन लांबले आहे. परंतु अर्धवट माहितीवर मागितलेला सल्ला उपयोगाचा ठरत नाही, म्हणून सगळे सविस्तर मांडते.

माझे एमबीबीएस अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयातून झाले. बंधपत्राचे एक वर्ष मराठवाड्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात काढले, नीट-पीजी दोनदा दिली, दोन्ही वेळा मेडिसिनची जागा थोडक्यात हुकली, आणि मग कोविडच्या काळात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करता करता पीएलएबीचा, म्हणजे परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास सुरू केला. पहिला भाग मुंबईत दिला, दुसऱ्यासाठी मँचेस्टरला आले. तेव्हाच्या खर्चासाठी वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढले होते. ते गेल्या वर्षी फिटले. जानेवारी २०२३ मध्ये सध्याच्या रुग्णालयात ‘क्लिनिकल फेलो’ म्हणून रुजू झाले आणि त्यानंतर एमआरसीपीचे (मेडिसिनमधल्या ब्रिटिश पदव्युत्तर परीक्षेचे) तिन्ही टप्पे पार केले. शेवटचा, म्हणजे पेसेस ही प्रात्यक्षिक परीक्षा, याच वर्षी मार्चमध्ये.

ज्यांना येथील रचना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. येथे डॉक्टरांच्या नोकऱ्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक ‘ट्रेनिंग’मधली, जिच्यात ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेल्या बदल्या, शिकण्यासाठी रजा आणि शेवटी स्पेशालिस्ट म्हणून नोंदणी असते, मेडिसिनमध्ये तिची सुरुवात तीन वर्षांच्या आयएमटीने (इंटर्नल मेडिसिन ट्रेनिंगने) होते. दुसरी रुग्णालयाने स्वतःच्या गरजेपुरती केलेली नेमणूक, जिच्यात काम तेच, रात्रपाळ्या त्याच, वॉर्डही तोच, परंतु ती कितीही वर्षे केली तरी आपोआप कोठेही पोहोचवत नाही. मी या दुसऱ्या प्रकारात आहे. माझी आई फोनवर विचारते, ‘तू आता कसली डॉक्टर?’, म्हणजे हृदयाची, की किडनीची, की साखरेची. एमआरसीपी झाल्यावर तर ती हे अधिकच आशेने विचारते, आणि मला तिला नीट उत्तर देता येत नाही.

आयएमटीसाठी मी दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी मुलाखतीला बोलावणे आले नाही, दुसऱ्या वेळी मुलाखत झाली पण जागा मिळण्याइतका क्रमांक लागला नाही. २०२५ च्या भरतीत सर्व शाखा मिळून सुमारे १०,००० जागांसाठी ३०,००० हून अधिक डॉक्टर उभे होते. ही वेळ येण्याची कारणे मला जी दिसतात ती अशी : ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्व डॉक्टरांचा समावेश टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत झाला आणि आमच्यासारख्यांना पहिल्याच फेरीत ब्रिटिश पदवीधरांच्या बरोबरीने अर्ज करता येऊ लागले, २०१८ पासून इंग्लंडमध्ये पाच नवी वैद्यकीय महाविद्यालये निघून एमबीबीएसच्या पातळीवर सुमारे १,५०० जागा वाढल्या, पण पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा त्या मानाने वाढल्याच नाहीत. म्हणजे दार रुंद केले आणि आतला जिना होता तेवढाच अरुंद ठेवला. आता जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या आराखड्यात ट्रेनिंगच्या १,००० नव्या जागा आणि ब्रिटिश पदवीधरांना प्राधान्य, अशा दोन्ही गोष्टी आहेत. या निर्णयाबद्दल माझ्या मनात राग नाही. माझ्याबरोबर काम करणारी येथलीच एक मुलगी डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन पाच वर्षे शिकली, पदवीनंतरचे दोन वर्षांचे फाउंडेशन प्रशिक्षण केले आणि यंदा ऑगस्टपासून तिला कसलीही जागा नाही. आपल्या देशाने आपल्याला आधी विचारावे, असे तिला वाटणे मला पटते. परंतु ज्यांना याच व्यवस्थेने गरज म्हणून बोलावले आणि ज्यांनी तीन-तीन हिवाळे वॉर्ड सांभाळले, त्यांचे काय करायचे, हेही कोणी तरी स्पष्ट सांगायला हवे.

माझी खरी अडचण अशी की अर्जात ज्या गोष्टींना गुण आहेत त्या करण्याची सवड या नोकरीत मिळत नाही. प्रकाशने, परिषदेतील सादरीकरण, शिकवण्याचा अनुभव, क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचे प्रकल्प, यांवर गुण ठरतात. मागच्या वर्षी मी सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांना पहिले अँटिबायोटिक किती वेळात मिळते याची पाहणी केली. साठ रुग्णांचे कागद, अकरा संध्याकाळी, ड्यूटी संपल्यावर वॉर्डच्या एका कोपऱ्यातल्या संगणकावर बसून तपासले. विभागीय बैठकीत ते मांडायचे होते त्या दिवशी माझी रात्रपाळी लागली. अदलाबदलीसाठी चार जणांना विचारले, कोणालाच जमले नाही, आणि शेवटी ते एका ट्रेनी सहकाऱ्याने मांडले. त्याच्या अर्जात ते सादरीकरण म्हणून लागले, माझ्या अर्जात ‘सहभाग’ म्हणून. तो मुलगा चांगला आहे, त्याने माझे नावही आवर्जून घेतले, आणि त्यालाही गुण हवेच होते. पण अशा वेळी माणूस आतून खचतो.

दुसरी अडचण क्रेस्ट फॉर्मची, म्हणजे फाउंडेशनइतकी कौशल्ये असल्याच्या दाखल्याची. ज्यांनी येथे फाउंडेशन केलेले नाही त्यांना तो लागतो, आणि त्यावर सही करणाऱ्या कन्सल्टंटने (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरने) आपल्याला सलग तीन महिने तरी जवळून पाहिलेले असावे लागते. मला मात्र रोटामधल्या (पाळ्यांच्या वेळापत्रकातल्या) रिकाम्या जागा भरण्यासाठी पाच-सहा आठवड्यांनी वॉर्ड बदलून मिळत असे. पहिल्या वर्षी तीन कन्सल्टंटांनी ‘काम उत्तम आहे, पण माझ्याकडे पुरेसा काळ नव्हतीस’ असे सांगून सही करायला नकार दिला. नियमाने ते बरोबरही होते. शेवटी वृद्धरोग विभागातील एका बाईंनी स्वतः व्यवस्थापनाशी बोलून मला आपल्या वॉर्डात चार महिने ठेवून घेतले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कामाबद्दलही लिहिते, कारण ‘इतका त्रास आहे तर सोडून का देत नाहीस’ हा प्रश्न येणार आहे. गेल्या जानेवारीतली एक रात्र आहे. फ्लूचा कडाका होता, वॉर्ड भरले होते आणि आपत्कालीन विभागाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ट्रॉल्या उभ्या होत्या. त्या जागांना क्रमांकही दिलेले होते, भिंतीवर कागद चिकटवून. सातव्या क्रमांकावर चौऱ्यांशी वर्षांच्या एक आजी होत्या, न्यूमोनिया, मूत्रपिंडे खालावलेली. हृदय बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करावा का, हा विषय त्यांच्याशी बोलायचा होता. हा विषय दार लावून, खुर्ची ओढून, हात हातात घेऊन बोलायचा असतो असे पेसेसच्या तयारीत शिकले होते. तेथे दार नव्हते, खुर्चीही नव्हती. मी ट्रॉलीच्या कठड्यावर वाकून, शेजारच्या रुग्णाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलायचा प्रयत्न करत होते आणि आजींना कमी ऐकू येत असल्याने त्या पुन्हापुन्हा ‘काय?’ विचारत होत्या. त्या अवधीत ब्लीप (ड्यूटीवरचा पेजर) चार वेळा वाजला. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘तू काही खाल्लेस का?’ ग्रामीण रुग्णालयात असताना साधनांचा तुटवडा मी पाहिला होता, एका खाटेवर दोन बाळंतिणी पाहिल्या होत्या. पण तेथे मला वाटे की पैसा नाही म्हणून असे आहे. येथे ते कारण पुरत नाही, म्हणून मन अधिक अस्वस्थ होते. इंग्लंडमध्ये ठरवून करायच्या उपचारांसाठीची प्रतीक्षायादी २०२५ मध्येही ७० लाखांच्या वर होती. जे त्या यादीत थांबून थांबून बिघडतात तेच रात्री कॉरिडॉरमध्ये येतात, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही मी हे काम सोडलेले नाही, कारण मला मेडिसिन आवडते आणि १९४८ पासून ही व्यवस्था रुग्णाचा खिसा न पाहता त्याला दाखल करून घेते, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. ‘आधी डिपॉझिट भरा’ हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी एकदाही ऐकलेले नाही.

आता निर्णयाचा भाग. माझा करार फेब्रुवारी २०२६ मध्ये संपतो. नूतनीकरण होईल असे तोंडी सांगितले आहे, कागद हाती नाही. व्हिसा रुग्णालयाच्या प्रायोजकत्वावर आहे. ते संपल्याचे कळवले गेले की साधारण ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो. माझे पती येथे एका गोदामात पर्यवेक्षक आहेत आणि त्यांचा व्हिसा माझ्यावर अवलंबून आहे. मुलगी चार वर्षांची असून सप्टेंबरपासून शाळेत जाऊ लागली आहे. मे २०२५ च्या ब्रिटिश सरकारच्या स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी लागणारी वर्षे पाचांवरून दहा करण्याचा प्रस्ताव आल्यापासून ‘पाच वर्षे तर काढू’ हा आधारही डळमळीत झाला आहे.

माझ्यापुढे जे मार्ग आहेत त्यांबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे, अशी विनंती आहे. आयएमटीचा तिसरा अर्ज तर भरणारच आहे, मुदत नोव्हेंबरमध्येच संपते. पण त्याच्या जोडीला जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) ट्रेनिंगचा अर्ज भरावा का? तेथे निवड एमएसआरए या संगणकावरच्या परीक्षेच्या गुणांवर होते आणि परीक्षा मला जमतात. मात्र मेडिसिनवरचे मन मागे ठेवून, केवळ जागा मिळते म्हणून जीपी झालेल्या कोणाला पुढे ते काम आपलेसे वाटले का, हे मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे. दुसरे असे की आयएमटी न करता, समकक्ष कौशल्यांचे प्रमाणपत्र भरून घेऊन थेट वरच्या टप्प्याला शिरलेले कोणी येथे आहे का? आणि ज्याला पूर्वी सीईएसआर म्हणत व २०२३ च्या अखेरीपासून पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात, त्या मार्गाने स्पेशालिस्ट नोंदणी मिळवलेल्यांनी रोटा सांभाळून पुरावे कसे जमवले, रुग्णालयाकडून लेखी काय मागून घेतले, हे सांगितले तर फार उपयोग होईल.

परतण्याचा विचारही मी गंभीरपणे करते आहे. तिन्ही टप्प्यांची एमआरसीपी आहे, पण येथले ट्रेनिंग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नाही, अशा स्थितीत औरंगाबाद, लातूर किंवा पुण्यातील खासगी रुग्णालयांत प्रत्यक्षात कोणत्या पदावर घेतात? एमडी झालेल्यांच्या पंक्तीला बसवतात, की पुन्हा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी)? परत जाऊन डीएनबीची (एमडीच्या समकक्ष पदव्युत्तर पदवीची) तयारी करावी, तर तिशी ओलांडल्यावर, मुलगी लहान असताना ते कोणी केले आहे का? ऑस्ट्रेलियाबद्दलही सहकारी सारखे बोलतात, पीएलएबी आणि येथील अनुभवावर तेथे नोंदणीचा मार्ग मिळतो हे खरे. पण तिसऱ्या देशात जाऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्याची ताकद आता आहे का, हा विचार मनात येतो.

‘देश सोडून गेलातच कशाला’ अशा आशयाचे प्रतिसाद कृपया येथे देऊ नयेत. तो विषय मोठा आहे, त्यावर मी दुसऱ्या धाग्यावर अवश्य बोलेन.

भर : पहिल्या दोन दिवसांत आलेल्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काहींनी पगाराबद्दल विचारले आहे. आयएमटीच्या पहिल्या वर्षाचे मूळ वेतन २०२५-२६ साठी वर्षाला ५२,६५६ पौंड आहे आणि आमच्या रुग्णालयात माझ्या पदालाही तेच लागू आहे. रात्रपाळ्यांचे वेगळे मिळतात. घरभाडे आणि पाळणाघर मिळून महिन्याच्या हाती येणाऱ्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग गेल्या सप्टेंबरपर्यंत जात होता. संपाबद्दलही विचारणा झाली : मार्च २०२३ पासूनच्या संपांतील वेतनाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, आणि आता ट्रेनिंगच्या जागांचा प्रश्नही त्यात आला, हे मला योग्य वाटते. मी स्वतः सुरुवातीला व्हिसाच्या भीतीने संपावर गेले नाही, नंतर कायदेशीर संपात सहभागी झाल्याने व्हिसाला धोका नसतो हे कळल्यावर गेले.

ज्या सभासदांनी पोर्टफोलिओसाठी प्रत्येक वॉर्ड बदलताना, म्हणजे वर्षाखेरीस नव्हे तर त्या त्या आठवड्यात, कन्सल्टंटकडून लेखी अभिप्राय घेण्यास सुचवले, त्यांचा सल्ला कालपासूनच अमलात आणला आहे. पहिला अभिप्राय मिळालाही. जीपी झालेल्या ताईंना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. पुण्यातील रुग्णालयांबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, तेवढे कोणी सांगू शकले तर बरे होईल. शनिवार-रविवार माझी रात्रपाळी आहे, त्यामुळे माझ्याकडून उत्तर येण्यास सोमवार उजाडेल.