मदत हवी आहे: जलद इंटरनेटच्या हक्कात नेमकं काय लिहावं?

नमस्कार मंडळी, सर्वांना जलद इंटरनेट मिळावं यासाठीच्या धोरणावर टिपण लिहितोय आणि एका ठिकाणी अडलोय. फिनलंडने 2010 मध्ये 1 एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं एकक) वेगाची जोडणी हा कायदेशीर हक्क केला. ब्रिटनने 2020 पासून मागेल त्याला 10 एमबीपीएसची तरतूद केली, तीही जोडणी देण्याच्या खर्चाला मर्यादा घालून. अमेरिकेने 2024 मध्ये ब्रॉडबँडची, म्हणजे जलद इंटरनेटची, व्याख्याच 100 एमबीपीएसवर नेली. आकडा कायद्यात घातला की काही वर्षांत तो तोकडा पडतो. मग वेग लिहावा, की त्या जोडणीवर काय जमायलाच हवं ते? डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं, मुलांचा अभ्यास, असं.

मला जास्त छळणारा प्रश्न पैशांचा आहे. केबल दारापर्यंत आली, पण महिन्याचं बिल झेपत नसेल तर त्या घराला काय मिळालं? बऱ्याच देशांत दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवा निधी, म्हणजे सर्वांपर्यंत सेवा पोहोचवण्यासाठीचा पैसा, जमतो. तो केबल टाकण्यावर खर्चावा, की गरीब कुटुंबांच्या बिलात थेट सवलत द्यावी? माझा कल सवलतीकडे आहे, पण जिथे केबलच नाही तिथे ती निरुपयोगी, हेही खरं.

अशा योजनेवर कुणी काम केलं असेल तर प्रत्यक्षात काय टिकलं ते कृपया सविस्तर लिहा.