लक्षद्वीप : सत्तरीच्या आईबाबांसोबत जाताना प्रवास विमा घ्यावा का?

कोकमसरबत :
जानेवारीत जायचं ठरतंय. कोचीहून जहाजाने कवरत्ती, परतताना अगत्तीहून विमान. बाबांना बीपी-शुगर, आईचे गुडघे दुखतात. मेडिक्लेम सगळ्यांचा आहे. वर वेगळा प्रवास विमा हवा का? "देशातल्या देशात कोण घेतं," असं भाऊ म्हणतो. बायकोला स्कुबा (पाण्याखाली डायव्हिंग) करायचंय.

भरतीओहोटी :
देशातच आहे, पण मध्ये चारशे किलोमीटर समुद्र आहे म्हणावं! कवरत्ती-अगत्तीला सरकारी रुग्णालयं आहेत, तरी गंभीर पेशंट हेलिकॉप्टरने कोचीला हलवतात, तेही हवामान चांगलं असेल तर. मेडिक्लेममधून रुग्णालयाचं बिल निघेल. एअर अ‍ॅम्ब्युलन्सला मात्र बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते किंवा ती कव्हरच होत नाही. मर्यादा किती, आधी मंजुरी लागते का, हे कंपनीला ईमेलवर विचारा. एजंटच्या "सगळं कव्हर होतं हो"वर जाऊ नका. प्रवास विमा घेतलात तर बाबांचे आजार फॉर्मात लिहा आणि आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. क्लेम तिथेच अडकतो. स्कुबाही पुष्कळदा वगळलेलं असतं.

सुकटचटणी :
विम्याचं वर आलंच आहे. मला काळजी आईंच्या गुडघ्यांची वाटते. जहाज दर वेळी धक्क्याला लागेलच असं नाही. लगूनबाहेर (बेटाभोवतीच्या उथळ पाण्याबाहेर) नांगर टाकला की लहान बोटीत उतरावं लागतं. लाटेवर बोट वर आली की खलाशी दोन्ही दंड धरून म्हणतो, "आता!" तेव्हा पाय टाकायचा. आईंना झेपणार नसेल तर जातायेता विमानच बघा. अगत्तीची धावपट्टी छोटी आहे, तिथे एटीआरसारखी लहान विमानं उतरतात, तिकिटं लवकर संपतात.

कोकमसरबत :
बोटीचं डोक्यातच नव्हतं. मग जातानाही विमानच बघतो. लक्षद्वीपला जायचा परवाना सगळ्यांनाच लागतो ना?

भरतीओहोटी :
हो, आपल्या भारतीयांनाही लागतो. तो हातात आल्याशिवाय पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. परतताना कोचीत एक मुक्काम मोकळा ठेवा; अगत्तीचं विमान रद्द झालं तर पुढचं मुंबईचं तिकीट तरी वाचेल. बाबांची औषधं आठवडाभराची जास्त घ्या, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि केबिन बॅगेत.

सुकटचटणी :
वहिनींचं स्कुबा पहिल्या दिवशी उरकून घ्या. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच असेल तर किमान बारा तास जाऊ द्यावेत, जास्त असतील तर अठरा.